परत आलेली बिब

१

तळ्यावर चार इंच बर्फ धरला की आमच्या गावात कुणी कुणाला "बरे आहात ना?" असं विचारत नाही. "यंदा बिब कुठली घेतलीत?" असं विचारतात. बिब म्हणजे छातीपर्यंत येणारी जाडजूड विजार. खांद्यावर पट्ट्या, आत मऊ अस्तर, बाहेरून पाणी न शिरणारं कापड. बर्फाला गिरमिटाने भोक पाडून त्याच्या काठी दिवसभर उलट्या बादलीवर बसायचं, तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. माझं माहेर इथून चाळीसच मैलांवर, मिनेसोटातच, पण तिकडे बटाट्याची शेतं. सप्टेंबरात डेलशी लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, आपण एका माणसाशी लग्न करतो आहोत. ती बादलीही सोबत येते, हे नोव्हेंबरात कळलं.

डेलच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती. सोळाव्या वर्षी तो ओल्या विजारीने दोन मैल बर्फ तुडवत घरी आला, आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांना काढावं लागलं. उरलेला पाय पुन्हा गारठला तर नुसत्या बोटांवर भागणार नाही, असंही त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे बिबची खरेदी आमच्या घरात अंगठीच्या खरेदीपेक्षा गंभीर. अंगठी त्याने दहा मिनिटांत घेतली होती.

दुकान व्हर्नचं. व्हर्न म्हणजे तपकिरी दाढी, दाढीत सकाळचा पाव. दुकानाच्या मधोमध त्याने एक बादली उलटी ठेवली आहे. बिब चढवायची, बादलीवर बसायचं, गुडघे टेकायचे, उठायचं. गुडघ्यात आवळते का, पाठीत उघडं पडतं का, चेन मांडीपर्यंत उघडते का, म्हणजे बूट न काढता पाय घालता येतो का, हे सगळं बघायचं. डेलने पाच बिबा अशा उठबशा काढून बाद केल्या.

"नवरदेवाला काही पसंत पडत नाहीये," व्हर्न मला म्हणाला. "तू कशी काय पडलीस?"

"मी बादलीवर बसून दाखवलं नव्हतं," मी म्हटलं.

व्हर्न हसत मागच्या गोदामात गेला आणि एक काळी बिब घेऊन आला. गोदामात शेगडी नाही. बाहेर येताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. "ही टपालाने परत आलेली. एकदाच घातलीय म्हणे."

"परत का केली?" डेलने विचारलं.

"चिठ्ठी आहे बघ, टाचलेली."

चिठ्ठीवर एकच ओळ होती. कारण: फार गरम.

व्हर्नला हसता हसता खोकला आला. "या मुलखात! शून्याखाली तीस, आणि साहेबांना उकडतंय!"

डेलने एक पाय घातला आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. गरम पाण्यात उतरताना होतो तसा. "मार्ना, आत हात घालून बघ."

मी हात घातला. आत ऊब होती. कापडात असते तशी नव्हे. बसमध्ये कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या सीटवर आपण बसतो आणि परक्या माणसाच्या मांड्यांची ऊब आपल्याला लागते, तशी. मी हात काढला आणि कोटाला पुसला. हाताला काही लागलं नव्हतं. तरी पुसला.

"हीच घेतो," डेल म्हणाला.

माझ्यासाठी मी सगळ्या बिबांमधून हात फिरवला आणि आतून सगळ्यात गार लागली ती उचलली. "अगं, हिची शिवण जरा यथातथाच आहे," व्हर्न म्हणाला. मी म्हटलं, चालेल.

२

आमच्या घराला पुढे बंद पडवी आहे. तिथे बूट, गिरमिट, घसरगाडी आणि खुंट्यांवर बिबा. पडवी तापवत नाहीत. तिथे ठेवलेलं दूध सकाळी खडा होतं. डेलच्या बुटांवरचा बर्फ दुसऱ्या दिवशीही तसाच असायचा. बिबच्या खाली मात्र थारोळं.

पहिल्यांदा मी ते पुसलं आणि विसरले. तिसऱ्यांदा पुसताना बोटांना बुळबुळीत लागलं.

मग दुसरं. माझी बिब खुंटीवर धुतल्या चादरीसारखी सरळ लोंबायची. डेलची गुडघ्यात वाकलेली. बसलेली. दिवसभर बसून बसून कापडाला तसंच वळण पडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलंही. फक्त जाता-येता तिला खांदा लागू नये म्हणून मी आडवी होऊन जायला लागले. आणि वास! माशांचा वास मी समजू शकते. हा गाढ झोपलेल्या माणसाच्या उघड्या तोंडाचा वास होता.

सासूबाई, ल्युएला, रविवारी दुपारी हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाट्या-खिम्याचं, भांडं घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना बिबला हात लावायला सांगितलं.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

"काल संध्याकाळपासून कुणी घातली नाही."

"चांगल्या मालाचं लक्षण ते, पोरी. थर्मास नाही का." बोलताना त्या हात एप्रनला पुसत होत्या. मी बघत होते. त्यांनाही काही लागलेलं नव्हतं.

३

आता अळ्यांबद्दल सांगते. जेवायला बसला असाल तर पुढचं नंतर वाचा.

गळाला लावायच्या अळ्या थंडीत गोठून मरतात. मेलेल्या अळीला मासा तोंड लावत नाही. म्हणून आमच्याकडचे पुरुष त्या ओठाखाली धरतात, तंबाखूसारख्या. डेलचे वडील ऑर्व्हिल एका वेळी सहा धरून हवापाण्याबद्दल बोलू शकतात. डेल तीन. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी नवऱ्याला प्रेमाने जवळ घेतलं आणि त्याच्या तोंडातलं काहीतरी माझ्या तोंडात वळवळलं.

"अरे, एक राहिलीच होती की," डेल म्हणाला. "गिळली तरी चालते. निव्वळ प्रथिनं."

मी रात्री स्वयंपाकघरात ब्रश मोडेपर्यंत दात घासले. तेव्हा नव्या बिबच्या छातीवर, आतल्या बाजूला अळ्यांच्या डबीसाठी खिसा आहे हे पाहून माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसेल.

डबी खिशात राहून जाणं ही इथली नेहमीची चूक. बायका सकाळी पडवीत खिसे चाचपतात. डबीत अळ्या तांदळासारख्या कडक झालेल्या असतात, त्या पाखरांना टाकायच्या. जानेवारीत डेल चार दिवस लाकूड कापायच्या सॉमिलवर कामाला होता. पडवीतला तापमापक शून्याखाली चोवीस दाखवत होता. त्या सकाळी मी झाडू घ्यायला गेले आणि मला घूं असा आवाज आला.

बारीक. उन्हाळ्यातला आवाज.

मी खिशाची चेन ओढली. डबीचं झाकण निघालेलं होतं. आत रिकाम्या तपकिरी सालपटांचा थर, आणि खिसाभर माश्या. जिवंत, ओल्या, नुकत्या निघालेल्या, निळसर. मी किंचाळून मागे सरले. वाटलं, आता सगळ्या तोंडावर येतील. पण एकही बाहेर आली नाही. थंड हवा लागताच त्या वळल्या आणि खिशाच्या काठावरून, एकीवर एक चढत, अस्तराला धरून, आत उतरल्या. खाली. डाव्या पायात.

थोड्या वेळाने घूं थांबलं. मी झाडू न घेताच घरात आले आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसले.

४

"पाणी भरून बघितलं का?" ऑर्व्हिलनी विचारलं. मी माश्यांची गोष्ट सांगितली होती. त्यांनी ती हवापाण्याच्या गोष्टीसारखी ऐकून घेतली होती. "शिवण कुठे उसवली असेल तर ओल आत राहते. ओलीत काहीही होतं."

पाणी भरणं ही त्यांची पद्धत. बिब आढ्याच्या खुंटीला टांगायची, पायांची टोकं दोरीने करकचून बांधायची, वरून नळाचं पाणी ओतायचं आणि बाहेर कुठे थेंब येतो ते बघायचं. न्हाणीघरात त्यांनी दोन्ही टांगल्या. माझी तीन ठिकाणी गळाली.

"ही बिब नाही, पोरी, चाळण आहे."

"गार तरी आहे," मी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही.

डेलच्या बिबमध्ये त्यांनी दोन बादल्या रिकाम्या केल्या. बाहेर एक थेंब नाही. समाधानाने मान हलवून ते स्वयंपाकघरात आले. मी कॉफी दिली, खारकेची वडी दिली. वीस मिनिटांनी आम्ही ती उतरवायला गेलो. ऑर्व्हिलनी वजन पेलायला म्हणून दोन्ही हातांनी मिठी मारली आणि तोल जाऊन मागे धडपडले. तिला वजनच नव्हतं.

त्यांनी दोरी सोडली. बादलीत जेमतेम अर्धा कप पडलं. ते कोमट होतं. आणि ते पाणी नव्हतं. तळाचा ईलपाउट मासा हातात धरला की हाताला वेटोळं घालून सोडतो तशी तार सुटणारी शेंबडी चिकटी. तिच्यात एक पांढरी कपची तरंगत होती. मी वाकून पाहिलं. कापलेलं नख होतं. जुनं, जाड, चंद्रकोरीसारखं.

"उडून गेलं असेल पाणी," ऑर्व्हिल म्हणाले.

"दोन बादल्या? वीस मिनिटांत?"

"हवा कोरडी आहे यंदा."

त्यांनी टोपी घातली. वडी अर्धी खाल्लेली बशीत तशीच टाकून ते निघून गेले. त्या घराण्यात वडी अर्धी टाकलेली मी आजवर पाहिलेली नाही.

५

मी डेलशी बोलले. तो जेवणाच्या टेबलावर बिब घालूनच बसला होता. आताशा तो तसाच बसायचा.

"परत देऊन टाक ना ती."

"का? एवढी छान आहे."

"मला शिसारी येते तिची. घरात तिसरं कुणी असल्यासारखं वाटतं."

"मार्ना." त्याने काटा खाली ठेवला. डेल चिडत नाही. त्याचा आवाज उलट हळू होतो. "नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा पाय दुखत नाहीये. नऊ वर्षं मी रोज संध्याकाळी पाय ओढत घरी आलो. आता येत नाही. तुला बरं वाटत नाही का?"

बरं वाटत होतं. हीच तर पंचाईत होती. तो लंगडायचा थांबला होता. पण झोपतानाही मोजे काढत नव्हता, आणि पायाला हात लावू देत नव्हता. लग्नानंतर रोज रात्री तो डावा पाय माझ्या पोटऱ्यांत खुपसून झोपायचा, बर्फासारखा, आणि मी शिव्या घालायचे. आता तो पाय पलंगाच्या पलीकडच्या काठाला असायचा. माझा नवरा मला सगळाच्या सगळा परत हवा होता, थंड पायासकट, आणि तो कुठे चालला होता ते मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी बिब चिमट्याने उचलून कचऱ्याच्या पिशवीत घातली आणि व्हर्नकडे गेले. व्हर्नने पिशवी उघडलीही नाही.

"परत आलेला माल परत घेत नाही, बाई. पाटीच लावलीय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "टाकून का देत नाहीस?"

मी ती दुकानामागच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली. संध्याकाळी डेल ती घालून घरी आला. पेटीपाशी त्याला "सहज" दिसली होती. तो रागावला नाही. शेंगदाण्याचं लोणी पावाला लावत म्हणाला, "पुन्हा असं करू नकोस हं. बरं दिसत नाही."

त्या शनिवारी सकाळी पडवीच्या लिनोलियमच्या जमिनीवर ओला ठसा होता. अनवाणी डाव्या पायाचा. बिबच्या खालून निघालेला, घराच्या दाराकडे तोंड केलेला. एकच. मला आधी वाटलं, डेल रात्री उठला असेल. मग मी बोटं मोजली. पाच होती. मग वाटलं, माझाच असेल. मी शेजारी पाय ठेवून बघितला. माझ्या पायापेक्षा तो दोन इंच लांब होता.

मी तो पुसला. हल्ली मी पुसण्यात तरबेज झाले होते.

६

रविवारी चर्चला आम्हाला उशीर झाला. शेवटच्या बाकावरच्या एका म्हातारीने काही न बोलता, हसून, सरकून जागा करून दिली. इथली माणसं अशीच. तुमच्यासाठी गुपचूप सरकतात. मी बसले. तिने सोडलेली जागा गरम होती. सबंध प्रार्थनाभर मला तेवढंच कळत होतं.

दुपारी डेल म्हणाला, "आज तू ये. एकदा ये. तळ्यावर बसलीस की सगळं मनातून जाईल." मी गेले. म्हटलं, त्याच्याशी नीट बोलता येईल. माझ्या बिबच्या शिवणींवर मी चिकटपट्ट्या लावल्या होत्या.

आठवडाभर हिमवर्षाव झाला होता. हिमाच्या वजनाने बर्फ खाली दबला की तळ्याचं पाणी वर येतं आणि हिमाखाली पाण्या-बर्फाची राबडी साचते. वरून दिसत नाही. म्हणून पिकअप काठाला ठेवून आम्ही दोन मैल चालत खोपटापर्यंत गेलो. खोपट म्हणजे चार बाय सहाची लाकडी पेटी, दोन बादल्या, दोन भोकं, गॅसची शेगडी. मी अंग चोरून बसले. डेल अघळपघळ. ओठाखालच्या अळ्या सांभाळत गुणगुणत होता. खालून बर्फ मधूनच कण्हत होता.

"बाहेर लावलेल्या तुझ्या गळाचं निशाण वर आलंय, मासा लागलाय," तो म्हणाला. "जा, तूच ओढ. पहिला मासा."

निशाण वीस पावलांवर होतं. पंधराव्या पावलाला हिम फसलं आणि मी कमरेपर्यंत राबडीत गेले. पाणी चिकटपट्ट्यांना विचारून आत आलं नाही. ते आलं आणि मांड्यांना सुयांसारखं टोचलं. डेलने मला काखेत धरून ओढून काढलं, खोपटात आणलं, दार लावलं. शेगडीची ज्योत नखाएवढी झाली होती. आमच्या देखत ती निळी झाली आणि गेली. दुसरी गॅसची बाटली पिकअपमध्ये होती.

पाच मिनिटांत माझी विजार पत्र्यासारखी वाजायला लागली.

"दोन मैल," डेल म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जुना डेल होता, घाबरलेला. "ओल्याने दोन मैल नाही जायचं, मार्ना. मला माहीत आहे काय होतं ते." आणि त्याने खांद्यावरच्या पट्ट्या सोडल्या. "ती काढ. माझी घाल. मी कोरडा आहे."

"आणि तू?"

"मला काही होणार नाही."

त्याने चेन मांडीपर्यंत उघडली, अडणारे बूट काढले, आणि डावा पाय बाहेर ओढला. पाय सहज निघाला नाही. चप्प असा आवाज झाला, चिखलातून निघावा तसा, आणि मोजा आतच राहिला.

मी बघितलं. एक, दोन, तीन ही त्याची बोटं, मला पाठ असलेली. पुढे आणखी दोन होती. राखाडी, पाण्यात फार दिवस राहिल्यासारखी सुरकुतलेली, वर काळे केस, नखं जाड आणि पिवळी, म्हाताऱ्या माणसाची. एकाचं नख चंद्रकोरीसारखं कापलेलं होतं. डेलने थंडीने बोटं आखडली. तीन लगेच आखडली. दोन जरा वेळाने.

"बघू नकोस ना," तो म्हणाला. लाजला होता, मागणी घालताना लाजला होता तसा. "अजून नीट बसली नाहीत ती."

मी भोकात ओकले. कॉफी हिरव्या पाण्यावर पसरली.

मान वर केली तेव्हा डेल बूट चढवत होता आणि बिब त्याच्या शेजारी उभी होती. कुणी धरलेली नव्हती. गुडघ्यात जराशी वाकलेली, पुढून उघडी. लहान पोराला कपडे घालायला आई धरते तशी.

"लवकर," डेल म्हणाला. "मार्ना, पायाची बोटं हलतात का बघ."

मी हलवून बघितली. काहीच कळलं नाही. गुडघ्याखाली मला पाय असल्याचं कळत नव्हतं. किळस मला येत होती. माझ्या पायांना कशाचीच येत नव्हती. घरी पडवी होती, खुंटी होती, शनिवारचा तो ठसा होता. इथे दोन मैल होते.

मी बूट-मोजे काढले, ओली बिब उतरवली आणि उजवा पाय काळ्या बिबमध्ये घातला. अस्तर ओलं आणि मऊ होतं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. पोटरीवरून काहीतरी बारीक, असंख्य पायांचं, घाईने बाजूला झालं. मी डोळे मिटून पाय खाली ढकलत गेले. अगदी तळाशी माझ्या बधिर तळव्याला काहीतरी टेकलं. दुसऱ्याच कुणाचा तरी तळवा. रुंद, उबदार, वर तोंड करून ठेवलेला.

मी थबकले. तोही थबकला.

मग तो जरासा मागे झाला आणि, न बोलता, बाजूला सरकला. उशिरा आलेल्याला बाकावर जागा करून द्यावी तसा.

"बसली ना नीट?" डेलने विचारलं.

सोडलेली जागा गरम होती. मी दुसरा पाय उचलला.